डावीकडचा ढीग

बसचा पास काढायला मी पावसाळी कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी थंडगार, मऊ लागलं. कानाच्या पाळीइतकं मऊ. मी हात झटकन बाहेर काढला, मग स्वतःलाच हसून पुन्हा आत घातला. मायकेनचा काहीतरी खजिना असणार. सहा वर्षांच्या मुलीच्या बापाच्या खिशात काय काय सापडतं त्याला सुमार नाही. गोगलगाईचं रिकामं घर, पाइनचं बोंड, चघळून कंटाळा आलेली गोळी. या वेळी निघाली अळंबी. बोटभर उंच, विटकरी तपकिरी, टोपी मधोमध टोक काढल्यासारखी वर उठलेली. रविवारपासून खिशात राहून थोडी सुकली होती, पण देठावरचे पिवळट पट्टे स्पष्ट दिसत होते, एकाखाली एक, वेडेवाकडे. बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मी हातातल्या वस्तूकडे पाहत राहिलो. मागची माणसं मला वळसा घालून चढली. स्टॉकहोममध्ये माणूस रस्त्यात खांबासारखा उभा राहिला तरी कुणी त्याला काही म्हणत नाही, फक्त वळसा घालतात. बस गेली. मी ती अळंबी उलटी केली, सरळ केली, परत उलटी केली. मला अळंब्यांतलं काही कळत नाही हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. पण एवढं कळण्यापुरता मी गुनवोरचा जावई नक्कीच होतो.

गुनवोर म्हणजे माझी सासू, इल्वाची आई. उत्तरेकडे, जुन्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखात तिचं लाल लाकडी घर आहे. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटी राहते, आणि दर सप्टेंबरात आम्ही तिच्याबरोबर जंगलात जातो. जंगल सगळ्यांचं असतं, कुणीही कुठेही हिंडावं. पण अळंब्यांची जागा ज्याची त्याची असते आणि ती सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगायची नसते. गुनवोर तर गाडीसुद्धा मुद्दाम भलत्याच तळ्याकाठी लावायला सांगते आणि मग उलट्या दिशेने चालायला लागते, म्हणजे गाडी पाहून कुणाला सुगावा लागू नये. मला तिने पहिली काही वर्षं नेलंच नाही. मी घरी बसून बटाटे सोलायचो. माझं लग्न आधी झालं, जावई मी बऱ्याच नंतर झालो. पहिल्यांदा नेलं तेव्हा ओल्या शेवाळात गुडघे टेकून तिने मला शिकवलं होतं. ही नरसाळी. टोपी मधोमध खोलगट, देठ पिवळा आणि आतून पोकळ, खालच्या बाजूला घड्या. आणि ही बघ, त्याच शेवाळात, तिच्याच शेजारी. हिची टोपी टोकदार, देठ भरीव, खाली पाती. "चुलत बहिणी आहेत," गुनवोर म्हणाली होती. "एक लग्नात वाढायला येते, दुसरी मयताला." मी हसलो होतो. ती हसली नव्हती. "लगेच नाही काही होत, हॉकान. तीच तर हिची लबाडी. आठवडाभर माणूस हिंडतो फिरतो, गाणी म्हणतो. आणि मूत्रपिंडं आत गुपचूप मरत असतात."

बसथांब्याच्या बाकावर मी बसलो. बाक ओला होता. रविवारी मायकेनचा हात मी दिवसभर घट्ट धरून ठेवला होता, कारण गुनवोरच्या जागेच्या अलीकडेच खाणीचं एक जुनं विवर आहे. तारांचं कुंपण घातलंय, पण खांब कुजलेत, आणि खाली काळं पाणी आहे. किती खोल ते कुणालाच माहीत नाही. दगड टाकला की आवाज यायला इतका वेळ लागतो की माणूस विसरतो आपण कशाची वाट पाहतोय. दरवर्षी त्या कुंपणाशी आलो की इल्वाचा आवाज बदलतो. "हॉकान, तिला धर." "धरलंय." "नीट धर." दूर कुठेतरी शिकाऱ्यांच्या बंदुका वाजत होत्या, म्हणून आम्ही सगळ्यांनी नारिंगी टोप्या घातल्या होत्या. मला आठवतं, मी सारखा हिशेब करत होतो की या जंगलात माझ्या मुलीला काय काय होऊ शकतं. विवर, गोळी, गवतातली गोचीड, वाट चुकणं. वाट चुकलीस तर काय करायचं, मी तिला विचारलं, आणि तिने पाठ केलेलं उत्तर दिलं, "एका झाडाला मिठी मारायची आणि तिथेच थांबायचं." शाबास, मी म्हणालो. टोपली इल्वाच्या हातात होती. टोपलीकडे माझं लक्षही नव्हतं.

आणि गुनवोर. रविवारी गुनवोर एका झाडाभोवती फिरत होती. शेवटी मी विचारलं, काय शोधतेस. म्हणाली, सुरी. सुरी तिच्या हातात होती. इल्वाने माझ्याकडे पाहिलं, मी इल्वाकडे, आणि आम्ही दोघांनीही नजर खाली वळवली. गेल्या वर्षभरात असं होत होतं. कॉफीत मीठ पडायचं. इल्वाला ती मधूनच स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची आणि मग स्वतःच रागावायची, जणू चूक इल्वाची होती. हे आम्ही आपसात बोलायचो, शहरात, दिवे मालवल्यावर. तिच्यासमोर नाही. कारण आमच्या घरात एक रीत आहे, न बोलता ठरलेली. अळंब्या सगळ्यांनी वेचायच्या, पण निवडायच्या गुनवोरने. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वर्तमानपत्र पसरते, सगळ्यांच्या टोपल्या ओतते, एकेक अळंबी उचलून उलटी करते. उजवीकडे खायच्या. डावीकडे टाकायच्या. "शंका आली की डावीकडे," हे तिचं वाक्य इल्वा चालायला लागण्याआधी शिकली असेल. तिच्या हाताखालून गेलेलं पुन्हा कुणी पाहत नाही. पाहणं म्हणजे तिला सांगणं की तू म्हातारी झालीस. सगळ्या गोतावळ्यात हे सांगायची छाती कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच. विषाची परीक्षा कुणी घ्यावी, असं आम्ही गमतीने म्हणायचो. आता बाकावर बसून मला ते शब्द ऐकू आले आणि लाज वाटली. भीती लाजेपेक्षा मोठी होती, पण लाज आधी वाटली.

मी पुन्हा पुन्हा एकाच जागी येत होतो. हातातली ही अळंबी दोनच गोष्टी सांगू शकत होती. एक तर गुनवोरने ती ओळखून डावीकडे टाकली, आणि मायकेनने गंमत म्हणून उचलून माझ्या खिशात ठेवली. म्हणजे गुनवोरचा डोळा अजून शाबूत होता आणि आम्ही सुखरूप होतो. किंवा गुनवोरला ती ओळखूच आली नाही, आणि तिच्यासारख्या आणखी उजवीकडे गेल्या, साय आणि लोण्यात शिजल्या, भाजलेल्या पावावर वाढल्या गेल्या. आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं. मायकेननेसुद्धा. ही मुलगी जन्मात अळंबी खात नव्हती, तोंडात घातली की जीभ बाहेर काढायची. रविवारी पहिल्यांदा तिने अख्खा पाव संपवला आणि म्हणाली, आणखी. आम्ही टाळ्या वाजवल्या. गुनवोरने टेबलापलीकडून हात पुढे करून तिचा गाल ओढला. "आता झालीस तू माझी नात." इल्वाने फोटो काढला. तो फोटो माझ्या फोनमध्ये होता, ओठांना साय लागलेली, पुढचा एक दात पडलेली मायकेन. तो उघडायचं मला धाडस झालं नाही. मी थुंकी गिळून पाहिली. घसा कोरडा होता का? सकाळी उठल्यावर मी पाणी प्यालो होतो, पण ते तर मी रोज पितो. आणि मायकेन? सकाळी तिला इल्वाने शाळेत सोडलं. मी अंघोळ करत होतो.

विषबाधेसाठीच्या नंबरवर एक बाई बोलली. आवाज तरुण होता, सर्दी झालेली असावी. मी तिला अळंबीचं वर्णन केलं.

"टोपीखाली घड्या आहेत की पाती?"

"पाती. गंजाच्या रंगाची."

"देठ दाबून बघा. पोकळ आहे?"

मी नखाने दाबलं. "भरीव."

"कुणी खाल्ली आहे का?"

"नाही, ही माझ्या खिशात होती."

"ही नाही हो. हिच्याबरोबरच्या."

"तेच मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि बसथांब्यावर, सकाळी, लोकांसमोर माझा आवाज फाटला. ती शांतपणे बोलत राहिली. शिजवल्याने, वाळवल्याने काही फरक पडत नाही. लक्षणं काही दिवसांनी येतात, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. पाठ दुखते, मळमळतं, आणि सगळ्यात आधी खूप तहान लागते, कितीही प्यालं तरी न भागणारी. "कुणाला तहान लागतेय का?" तिने विचारलं. मी म्हणालो, मला ठाऊक नाही, मी कुणाला विचारलेलं नाही. ती म्हणाली, लक्षणांची वाट बघू नका, खाल्लेल्या सगळ्यांना घेऊन आजच रुग्णालयात जा, अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लॅस्टिकमध्ये नको, कागदात. मी म्हणालो, हो, कागदात. जणू कागदाचं नीट जमलं की बाकीचंही जमेल. इल्वाचा फोन बंद होता. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दुपारपर्यंत तिचा फोन कपाटात असतो. मी निरोप ठेवला आणि गुनवोरला फोन लावला.

"हॉकान? तू?" तिचा आवाज लगेच चढला. मी तिला कधी फोन करत नाही. "इल्वाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. गुनवोर, रविवारच्या अळंब्या तूच निवडल्यास ना?"

"नाही, पाद्रीबुवांना बोलावलं होतं. असं काय विचारतोस?"

"माझ्या खिशात एक सापडलीय. टोकदार. देठावर पट्टे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ती फोन आपटणार. वाटलं, हे बोललं गेलं, आता पुन्हा त्या लाल घरात आम्हाला तसं जाता येणार नाही. पण ती बोलली तेव्हा तिचा आवाज जुना होता, शेवाळात गुडघे टेकून शिकवणारीचा. "त्या वरच्या बाजूच्या, कुजक्या ओंडक्याजवळच्या. इल्वाच्या टोपलीत आल्या होत्या. मूठभर असतील. मी प्रत्येक उलटी करून पाहिली आणि डावीकडे टाकली. मी बाकी सगळं विसरेन, हॉकान. माझं नाव विसरेन. ते विसरणार नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी बाकावर मागे रेललो. रस्त्यापलीकडे एक माणूस कुत्र्याच्या अंगावरचं पाणी पुसत होता, मला त्याला जाऊन मिठी मारावीशी वाटली. "माफ कर, गुनवोर," मी म्हणालो, "मी घाबरलो होतो." ती हळूच म्हणाली, "एक सांगू? इल्वाला बोलू नकोस."

"काय?"

"निवडून झाल्यावर मी हात धुवायला गेले. परत आले तर डावीकडे काही नव्हतं. नुसता कागद. मला वाटलं, इल्वाने चुलीत टाकल्या असतील. मग वाटलं, की डावीकडे काही नव्हतंच, मीच... मला हल्ली असं होतं. सुरीचं तू पाहिलंस. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही दोघं पुन्हा एकमेकांकडे तसं पाहिलं असतं. मला दिसतं ते." तिने श्वास घेतला. "मी कागद गुंडाळून टाकला आणि कढई चढवली."

मी तिला म्हणालो की शेजाऱ्याला सांग, तुला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्यायला. ती म्हणाली, माझं राहू दे, पोरीचं बघ. मी शाळेकडे निघालो. चालत, मग धावत, मग पुन्हा चालत, कारण धावणाऱ्या बापाला पाहून ती घाबरली असती. इल्वाने टाकल्या असतील. नक्की इल्वानेच. मी तेव्हा कुठे होतो? बाहेर, लाकडं फोडत. निवडताना मला कधीच आत बोलावत नाहीत, आणि मीही जात नाही. कोट दाराशी खुंटीला होता. खिडकीतून मला त्या तिघींची डोकी दिसत होती, पांढरं, पिवळं आणि मधे छोटं पिवळं. मला बरं वाटलं होतं आणि थोडं एकटंही वाटलं होतं. पावसाची भुरभुर सुरू होती. त्याच्या आधी, जंगलात, ओंडक्यावर बसून कॉफी पिताना मी त्यांना माझ्या कामावरची गोष्ट सांगत होतो. शाळा सुटल्यावर आईबाप येईपर्यंत मुलं जिथे थांबतात, तिथे मी त्यांना सांभाळतो. एक नवी मुलगी आली होती, तिला कुणी खेळात घेत नव्हतं. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, सगळ्यांना खेळात घ्यायचं. मी मुलांना म्हणालो, तिला असं मिसळून घ्या की नवीन आहे हे कुणाला कळताच कामा नये. आणि त्यांनी घेतलं, संध्याकाळी ती कोण हे ओळखू येईना. मला त्याचा अभिमान वाटत होता. गुनवोर दालचिनीचा पाव बुडवत म्हणाली, "जंगल म्हणजे तुझी बालवाडी नाही, जावईबापू. इथे काहींना बाहेरच ठेवावं लागतं." "बालवाडीत मात्र नाही ठेवायचं," मी म्हणालो. "कुणालाच नाही." मायकेन माझ्या मांडीवर होती. तिने मान वर करून विचारलं होतं, "कुणालाच नाही?" "कुणालाच नाही," मी म्हणालो होतो.

शाळेच्या फाटकाशी हे आठवलं आणि माझे पाय थांबले.

मधली सुट्टी होती. पावसाळी कपड्यांतली मुलं डबक्यांत उड्या मारत होती, लाल, निळी, हिरवी. त्यांतली माझी कोणती ते मला पटकन कळेना. मग तिनेच हाक मारली. मी तिला छपराखाली घेतलं, गुडघ्यांवर बसलो आणि कागद उघडला.

"ही तू ठेवलीस माझ्या खिशात?"

तिचा चेहरा फुलला. "सापडली तुला!"

"कुठून घेतलीस, बाळा?"

"डावीकडून. आजी हात धुवायला गेली ना, आणि आई पाव कापत होती, तेव्हा. त्या डावीकडे एकट्याच होत्या, बाबा. थोड्याशाच. आणि दुसरीकडे एवढ्या सगळ्या."

"मग?"

"मग मी त्यांना घेतलं त्यांच्यात." तिने हात गोल फिरवून दाखवलं, दोन्ही हातांनी, मनापासून. "खूप मिसळलं. त्या नवीन आहेत हे कळतच नव्हतं. आजीलासुद्धा कळलं नाही."

मागे मुलं ओरडत होती. मी विचारलं, "आणि ही?"

"तू बाहेर एकटा होतास. म्हणून एक तुला." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या नाकावरून पावसाचा थेंब ओघळत होता. "बरोबर केलं ना?"

मी तिच्याकडे बघत होतो, तिच्या डोळ्यांखाली, ओठांवर, काहीतरी शोधत. काय शोधायचं तेही मला माहीत नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. तिच्यावर नाही. तिचा तर शब्दन् शब्द माझा होता. "बरोबर केलंस," मी म्हणालो. दुसरं मी काय म्हणणार होतो? "आता आपण जरा बाहेर जाऊन येऊ. बाईंना सांगून येतो मी."

तिच्या बाई दारातच उभ्या होत्या, हसत. मायकेनची निळी बाटली त्यांच्या हातात होती. "हिला काय खारट खायला घालता?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून भरून देतेय, पुन्हा रिकामी."

मायकेनने बाटली घेऊन माझ्यापुढे धरली.

"भरून दे ना, बाबा," ती म्हणाली. "काठोकाठ."